दाराबाहेरचे सहा दिवस

आईनं त्या दिवशी चूल पेटवलीच नाही. मुंबईहून आलेलं कार्ड तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि म्हणाली, "सुशे, शाळेत रजेचा अर्ज दे. आपण निघू."

कार्ड माझ्या भावाच्या, दानियलच्या, खोलीतल्या सोबत्यांनी लिहिलेलं होतं. 'तुमचा मुलगा गोळीबाराच्या दिवसापासून खोलीवर आलेला नाही. चौकशी चालू आहे.' खाली सही अशी कुणाचीच नव्हती. दानियल लालबागच्या एका कापडगिरणीत साचा (माग) चालवी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तो जातो, हे त्याच्या पत्रांतून आम्हांला कळत होतं. वडील वारल्यापासून घरात आम्ही तिघंच होतो.

नगरहून निघून दौंडला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरलो. मुंबई मी पहिल्यांदाच पाहत होते. स्टेशनाबाहेर ट्राम नव्हती, बस नव्हती. रस्त्यावर दगडांचा खच पडलेला, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. एका पोलिसाला परळचा रस्ता विचारला, तर तो आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाला, "सरळ जा, मावशी. घोळक्यात थांबू नका." आम्ही चालत निघालो. गिरण्यांच्या चिमण्या एकामागून एक दिसू लागल्या. एकीतूनही धूर येत नव्हता.

लालबागची चाळ सापडायला दुपार झाली. दानियलच्या गाळ्यात (भाड्याच्या खोलीत) पंधरा जण पाळीपाळीनं राहत. त्यांच्यातला रावजी नावाचा कामगार खाली मान घालून बोलला, "ताई, आम्ही भ्यालो. चौकशीला गेलेल्यालाच धरून नेतात असं ऐकलं. दोन दिवस कोणी बाहेरच पडलं नाही. मग हॉस्पिटलात गेलो, तर फाटकातून हाकललं."

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो रडला.

त्याच माळ्यावर यशवंतीबाई नावाची मालवणी बाई खानावळ चालवी. तिनं आम्हांला ओढूनच आत नेलं. तांदळाची भाकरी आणि सुका जवळा (अगदी बारीक वाळवलेली कोळंबी) पुढ्यात ठेवला. त्या वासानं मी तोंड फिरवलं. नगरला आम्हांला मासळीची सवय नाही. "आये, आधी दोन घास खा," ती म्हणाली. "उपाशी पोटान झील (मुलगा) गावाचो नाय (सापडायचा नाही)." आईनं खाल्लं, म्हणून मीही खाल्लं. "दिनूक माझो जवळो भारी आवडता," असं ती म्हणत होती. चाळीत त्याला दिनू म्हणतात हे मी ऐकलं आणि तसंच सोडून दिलं.

परळच्या हॉस्पिटलात त्याच दुपारी गेलो. फाटकाशी नातेवाइकांची रांग होती. कारकुनानं जाड वहीवरून बोट फिरवलं. "दानियल साळवे? नाही." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आम्ही तरी रोज जात होतो, कारण नवे जखमी येतच होते. लांबलचक व्हरांड्याच्या पायरीवर आई डोक्यावर पदर घेऊन बसे आणि तिचे ओठ हलत राहत. मीही डोळे मिटत असे. मिटलेल्या डोळ्यांपुढे मला फक्त ती वही दिसे.

"आई, देव ऐकतो तरी का?" तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"ऐकतो."

"मग?"

"मग काय? बस इथं."

चौथ्या दिवशी नगरच्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी घेऊन गिरगावातल्या पाळकांकडे गेलो. वाटेत एका गल्लीतून एकाएकी माणसं धावत सुटली आणि अश्रुधूर आमच्या अंगावर आला. आईची एक चप्पल तिथंच राहिली. एका चाळीतल्या बाईनं आम्हांला नळाशी बसवून डोळ्यांवर पाणी मारलं. "कुठल्या तुम्ही?" "नगरच्या." "आणि आत्ता आलात मुंबईला?" तिचा नवरा तुरुंगात होता, कुठल्या ते तिला कळलेलं नव्हतं. तिनं स्वतःची चप्पल काढून आईच्या पायात घातली.

गिरगावच्या पाळकांनी सलाम घेऊन आत बसवलं. दोन दिवस ते आमच्यासाठी पोलीस कचेऱ्या हिंडले. बेवारस मृतांचे फोटो त्यांनी स्वतः पाहिले, आईला पाहू दिले नाहीत. त्यांत दानियल नव्हता.

सहाव्या दिवशी यशवंतीबाई आमच्यासाठी भाकरी घेऊन हॉस्पिटलात आली. व्हरांड्यातून जाणाऱ्या हॉस्पिटलातल्या आयाबाईला तिनं हटकलं, "गो बाय, आमचो दिनू खंय असा (कुठे आहे)?"

आया थांबली. "दिनू? कोपऱ्यातला साळवी? दिनकर साळवी?"

मी उठले. त्याला बेशुद्ध उचलून आणणाऱ्यांना दिनू साळवे एवढंच नाव ठाऊक होतं. लिहिणाऱ्यानं दिनकर केलं, साळवेचं साळवी झालं. मी शाळेत मुलांच्या काना-मात्रा तपासणारी बाई. सहा दिवसांत एकदाही मी ती वही मागून पाहिली नव्हती.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. आई जवळ गेली तेव्हा त्यानं मान वळवली आणि लहानपणी शाळेतून आणायला उशीर झाल्यावर विचारी तसं विचारलं, "आई, एवढा उशीर?"

"दाराशीच होते रे," आई म्हणाली. "सहा दिवस दाराशीच होते."

डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. गोळी काढली होती, पण ती पाठीच्या कण्याला लागून गेली होती. कमरेखाली जाणीव नव्हती. "येईल का?" "वाट पाहा," ते म्हणाले. त्या शब्दांचा मला इतका संताप आला की मी वळून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दोन महिन्यांनी आम्ही परत निघालो. रावजीनं आणि सोबत्यांनी दानियलला फळीवर घालून दादरला आणलं. डब्यातल्या लोकांनी न सांगता बाक मोकळा केला. कल्याण सुटल्यावर दानियल म्हणाला, "सुशाताई, मला वाटलं होतं तुम्ही येणारच नाही. तिसऱ्या दिवसानंतर मी प्रार्थना सोडली." मी त्याला सांगितलं, मीसुद्धा तिसऱ्या दिवशीच सोडली. आई झोपली होती.

नगरला पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीसमोर सांगायला, उभं केलं. लोकांना ऐकायचं होतं की प्रार्थना ऐकली गेली, हरवलेला सापडला. दानियल खाटेवर, ख्रिस्तमंदिराच्या मागच्या बाजूला होता.

मी म्हणाले, "सहा दिवस आम्हांला वाटत होतं की तो तिथं नाही. सहा दिवस त्याला वाटत होतं की आम्ही आलो नाही. दोन्ही खोटं होतं. मध्ये एक भिंत होती. त्या सहा दिवसांत देव काय करत होता, मला ठाऊक नाही. माझ्या भावाचे पाय का गेले, तेही नाही. मी देवालाच विचारते आहे. उत्तर येईपर्यंत मी इथून उठून जाणार नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही. मी जाग्यावर आले, आणि आईनं सरकून मला बसायला जागा केली.