तिळाएवढे चार शंख

“माह्या नळीले हात कोनं लावला? सांगा ना बे, कोनं लावला?”

नामदेव ओरडत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली सकाळ, कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, आणि त्याच्या हातात बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. बावीस वर्षं आम्ही दोघांनी त्या एकाच खोलीत शिकवलं, पण या माणसाचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे गेलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो वैनगंगेच्या पुलापर्यंत गेला असेल – नाही, थांब. फार तर फाटकापर्यंत गेला. आज वाढवून सांगायचं नाही, असं ठरवून बसलोय.

भाऊ, तू मला ओळखतोस. वैनगंगेच्या डोहात मी म्हशीएवढा मासा पाहिलाय, शहापूरच्या आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, दोन तोंडांचा साप पाळलाय. भंडाऱ्यातल्या अर्ध्या टपऱ्यांवर मी हे सांगितलं आणि लोकांनी चहा पाजून ऐकलं. पण ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. आणि हिच्यात वाढवण्यासारखं काहीच नाही – हीच तर अडचण.

सुरुवात मालवणला झाली. मुलांची सहल घेऊन आम्ही दोघं गेलो होतो. मी किनाऱ्यावर उभा राहून मुलांना सांगत होतो, की मागच्या खेपेला एका अष्टपादानं माझी चप्पल ओढून नेली. आणि हा पवनीचा माणूस, धानाच्या बांधीत वाढलेला, गुडघाभर पाण्यात समुद्री शेवाळ बादलीत खळबळवत होता. गाळ गाळून त्यानं एका डबीत घरी आणला. पुढे दोन महिने भिंगाखाली कण-कण वेचला. त्यात निघाले चार शंख. शंख कसले – तीळच. आत जीव होता म्हणून गोगलगाय म्हणायचं.

वर्षभर तो पुस्तकांशी ताडून पाहत होता. वेटोळे किती, तोंडाची कड कशी, पाठीवरच्या रेघा आडव्या की उभ्या. कुठेच जुळेना. शेवटी बाहेरच्या एका जाणकाराला चित्रं पाठवली. उत्तर आलं: नवीन जात दिसते, शंख पाठवा. यातला एक मूळ नमुना म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो, त्याशिवाय नाव उभं राहत नाही.

मग काय झालं, सांगू? टपरीवरचे लोक माझ्याकडे पाठ करून बसायला लागले. माझेच लोक. माझ्या म्हशीएवढ्या माशावर पोसलेले. “सर, तो तीळ दाखवा ना,” म्हणत ते नामदेवच्या मोबाईलवर वाकायचे. पवनीत तर गाववाल्यांनी छापून यायच्या आधीच त्याला शाल-नारळ दिला. तो लाजून म्हणाला, “आपल्याकडे समुद्र नाई. पन पवनीचं नाव लावतो त्याले, नाव तरी जाईन समुद्रात.”

मी हसत हसत म्हटलं, “माहं नाव लाव ना बे.”

तोही हसत म्हणाला, “तुह्या नावाचा जीव लोक खरा मानतीन का, शंकर?”

सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा जोरात हसलो. त्याच्या बोलण्यात वाईट काही होतं का? नव्हतं. पण ते मला लागलं – आणि लागलं म्हणून पुढचं केलं, असंही मी म्हणणार नाही. आधीपासूनच जळत होतो मी. शाल पाहिली तेव्हापासून. खरं तर ती बादली पाहिली तेव्हापासून.

दिवाळीच्या सुट्टीत तो धान कापायला पवनीला गेला. परत आल्यावर शंख पाठवायचे होते; तोवर ते प्रयोगशाळेच्या कपाटात, स्पिरिट भरलेल्या त्या नळीत होते. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, “स्पिरिट उडून जाते, दोन-चार दिवसांनी भरत जा.”

त्याच कपाटात फॉर्मलिनची बाटली होती. जुनी, आंबट झालेली. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, की शंख त्यात ठेवायचा नसतो; हळूहळू विरघळतो. मी स्वतः बावीस वर्षं फळ्यावर लिहून हेच शिकवलं होतं.

चुकून झालं असतं, तर ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशीच मसाला लावून टपरीवर सांगितली असती. चुकून नाही झालं. मी स्पिरिट काढलं आणि फॉर्मलिन भरलं.

आणि रोज पाहायला जात होतो. सुट्टीत, रिकाम्या कॉलेजात, चौकीदाराला “झाडांना पाणी घालायला आलो” सांगून. तिसऱ्या दिवशी शंखांची चमक गेली. तेव्हा काढून स्वच्छ धुतले असते तर वाचले असते ना? असते. मला ते कळत होतं. मी भिंगाचा उजेड वाढवून आणखी नीट पाहिलं. आठवड्यानं ते दुधाळ झाले, मग कागदासारखे. अठराव्या दिवशी तळाला मऊ, काळसर चार ठिपके उरले. मी फॉर्मलिन फेकलं, नळी धुतली, ते ठिपके परत आत सोडले, पुन्हा स्पिरिट भरलं. बूचही तेच लावलं.

नामदेव त्यानंतर दोनदा मालवणला जाऊन आला. शेवाळाची पोतीच्या पोती धुतली. तो शंख पुन्हा सापडला नाही. वर्णनाची अकरा पानं, हातानं काढलेल्या चित्रांसकट, अजून त्याच्या घरी आहेत. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. पवनीत धान करतो. भेटला की माझ्या गप्पा ऐकतो, आणि एकही खरी मानत नाही.

पण त्या सकाळी – ओरडून ओरडून तो दमला, नळी उजेडासमोर धरली आणि माझ्याकडे वळला.

“शंकर, तू काय भरलं होतं?”

“स्पिरिट.”

एवढं छोटं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. एकच शब्द. आता तो नेहमीसारखं “गप्पा नको हानू बे” म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली. त्यानं स्टूल ओढलं, खाली बसला आणि नळीला बूच लावलं.

“मंग जाताना मीच घाईत दुसरी बाटली ओतली असन,” तो म्हणाला.