थोरल्याचे ठोके

गेल्या आठवड्यात मुरुडला होतो. समुद्र पाहायला नव्हे... तिथल्या एका इस्पितळात डेटा साठवण्याची नवी यंत्रणा बसवायला.

यंत्रणा म्हणजे दोन सर्व्हर. दोघांकडे तोच डेटा. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम सांभाळायचे. त्यासाठी ते एकमेकांना अखंड इशारे पाठवत राहतात... हार्टबीट. मी त्यांना 'ठोके' म्हणतो, आणि सर्व्हरना थोरला नि धाकटा. ऑफिसात यावर हसतात. हसोत. शब्दांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही; केबलच्या बाबतीतही नाही.

यंत्रणा सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी थोरल्याचे ठोके थांबले. रुग्णांचे सारे एक्स-रे, सोनोग्राफी, रिपोर्ट एकट्या धाकट्यावर... आणि जुनी यंत्रणा इस्पितळाने मला न विचारता आदल्या दिवशीच पुसून टाकलेली. व्यवस्थापनाकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणे मी केव्हाच सोडले आहे.

सर्व्हर तळघरात, तिथे रेंज नाही. समोरच्या लॉजवर मी उतरलो होतो. तिथल्या पडवीत येऊन पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"थोरला गेलाय. ठोकेच येत नाहीत."

"सर, थोरला म्हणजे नोड वन ना?"

"थोरला म्हणजे थोरला! सगळा भार धाकट्यावर आहे. त्यालाही काही झालं, तर मागे काहीच उरणार नाही."

फोन ठेवून वळलो, तर दारात लॉजच्या मालकीणबाई. साठीच्या असतील. चहात साखर जास्त पडली म्हणून सकाळीच मी त्यांना सुनावले होते... आता त्यांचे डोळे भरलेले.

"दादा, थोरला हितं दवाखान्यात हाय काय?"

"हो," मी म्हणालो. शब्दशः ते खरेच होते.

"चार घास खाऊन जा. उपाशीपोटी मानसाला सुचत न्हाय."

भात आणि बांगड्याचे कालवण वाढून त्या समोरच बसून राहिल्या. गैरसमज दूर करायला हवा होता. मी तर दुसऱ्याचा ऱ्हस्व-दीर्घही सोडत नाही. पण मी जेवत असताना समोर कुणी बसल्याला किती काळ लोटला, तेच आठवेना... मी मुकाट्याने जेवलो.

तळघरात परतलो. आधी खाऱ्या हवेला दोष दिला, मग इस्पितळाच्या वायरमनला. शेवटी रॅकच्या मागे टॉर्च धरला. ठोके वाहून नेणाऱ्या दोन्ही केबल मीच एकत्र घेऊन, काटकोनात वळवून, पट्ट्याने घट्ट आवळल्या होत्या. दिसायला अत्यंत नेटके... केबलच्या आतल्या काचेच्या तंतूंना तेवढी घडी सोसत नाही, हे मी इतरांना शिकवतो.

पट्टा कापला, केबल बदलल्या. थोरला गेलाच नव्हता. आपल्या जागी व्यवस्थित चालू होता. त्याची हाक फक्त कुणापर्यंत पोहोचत नव्हती.

संध्याकाळी मालकीणबाई पायरीवरच होत्या. "काय झालं वो?"

"ठोके सुरू झाले."

त्यांनी हात जोडले. "आन् धाकटा? दमला आसंल बिचारा."

"त्याचा भार हलका झाला आता."

इथेही एकही अक्षर खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बजावले, "पोचल्यावर फोन करा हां. इसरू नका."

पुण्यात फ्लॅटचे कुलूप उघडले, दिवा लावला. माझ्या पोहोचण्याची वाट कुणी पाहत असण्याची सवय राहिलेली नाही... तरी फोन केला. दोघेही उत्तम आहेत, म्हणालो.

"देव पावला. आन् तुमी? जेवलाव काय?"

"जेवलो."

त्या दोन दिवसांत मी त्यांच्याशी सरळसरळ खोटे बोललो, ते एवढेच. फोन ठेवला... आणि एकट्यापुरता भात लावला.