चोवीस अंशांची चाळीस जर्नलं

चोरीच्या तक्रारी मी नोकरीत किती घेतल्या, ते सांगता येणार नाही. बैल, मोटारसायकली, विहिरीवरच्या मोटारी, एकदा तर देवळातली घंटा. पण जी वस्तू चोराला विकता येणार नाही, वापरता येणार नाही, ती चोरीला गेल्याची तक्रार एकदाच आली. फेब्रुवारीतला तो सोमवार मला अजून जसाच्या तसा आठवतो.

निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. सहायक पोलीस निरीक्षक म्हणून मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात एका गावच्या ज्युनियर कॉलेजचे प्राचार्य आणि त्यांचे फिजिक्सचे सर आत आले. दोघांचे चेहरे उतरलेले होते.

"साहेब, बारावीची जर्नलं चोरीला गेली," प्राचार्य म्हणाले. "चाळीस. लॅबच्या कपाटातून."

जर्नल म्हणजे प्रयोगवही, एवढं मला ठाऊक होतं. तिच्यासाठी ठाण्यात यावं असं काय आहे, ते कळेना. म्हणून विचारलं. प्राचार्यांनी समजावून सांगितलं. फिजिक्सचा लेखी पेपर सत्तर मार्कांचा, प्रॅक्टिकल तीस मार्कांचं. दोन्ही मिळून शंभरातले पस्तीस पडले की विषय सुटला. बाहेरून परीक्षक येतो, पण सही केलेलं जर्नल नसेल तर मुलाला प्रॅक्टिकलला बसताच येत नाही. परीक्षा पुढच्या सोमवारी होती.

"तीसपैकी साधारण किती मिळतात?"

"अठ्ठावीस, एकोणतीस," प्राचार्य म्हणाले.

"सगळ्यांना?"

"मुलं चांगली आहेत आमची."

मला गंमत वाटली. ज्या मुलाला लेखीत सत्तरपैकी दहा पडतील, त्यालाही हे अठ्ठावीस धरून पास होता येत होतं. म्हणजे चोराने नुसत्या वह्या नेल्या नव्हत्या, गावातल्या निम्म्या मुलांची बारावी नेली होती. प्राचार्यांनी फिर्यादीऐवजी अर्ज दिला, कारण कॉलेजचं नाव पेपरात यायला नको होतं. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि बीट हवालदाराला घेऊन निघालो.

लॅब म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली. दाराचं कुलूप शाबूत, कपाटाचंही शाबूत. मायक्रोस्कोप, तराजू, विजेची यंत्रं सगळी जागच्या जागी. केमिस्ट्रीची जर्नलं होती, बायोलॉजीची होती. फक्त फिजिक्सचा कप्पा मोकळा. हे किल्लीवाल्याचं काम होतं. किल्ल्या दोन, एक सरांकडे आणि एक लॅबच्या शिपायाकडे. त्याला सगळं कॉलेज मामा म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, खांद्यावर पुसायचं फडकं टाकलेला माणूस. विचारलं तेवढंच बोलला. "शनवारी कुलूप लावून गेलो. आज उघडलं तर कप्पा मोकळा."

सरांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, वर्गात एक्केचाळीस मुलं आहेत. चाळीस जणांच्या जर्नलवर मी सह्या केल्यात. एका मुलीचं परत दिलं होतं. प्रयोगाचं उत्तर चुकलं होतं, पण ती बदलायला तयार नव्हती. तिने रागाच्या भरात हे केलं असेल."

ज्याला कुणी न विचारता संशयित सुचतो, त्याच्याकडे पोलिसाने जरा लक्ष ठेवावं. पण सांगितलेल्या ठिकाणी जावं मात्र लागतं.

दुसऱ्या दिवशी महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी त्या मुलीच्या वस्तीवर गेलो. मेंढरं राखणारं घर. वडील कळप घेऊन लांब गेलेले, आई मेंढरांच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणाआत होती. पोलीस पाहून ती घाबरली. मुलगी घाबरली नाही. आत जाऊन जर्नल घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

"हेच बघायला आलाव न्हवं? मी कुनाचं काय घेतलं न्हाय, सर."

"उत्तर का बदललं नाहीस?"

तिने पान उघडलं. पाण्याने भरलेली उभी नळी, तिच्या तोंडाशी नादकाटा वाजवून धरायचा, पाण्याची पातळी खालीवर करायची आणि आवाज कुठे मोठा होतो ते मोजायचं. त्यावरून आवाजाचा वेग काढायचा. हे तिने मला पाच मिनिटांत असं सांगितलं, की मलाही कळलं.

"सगळ्यांचा वेग तीनशे पंचेचाळीस आलाय. माजा तीनशे बावन्न. सर म्हनले बाकीच्यांचं बघून लिही. पन मी तीनदा मोजलं की. त्या दिवशी लॅबमदी चौतीस डिग्री होतं. गरम हवेत आवाज जोरात पळतोय, असं पुस्तकातच हाय."

"प्रयोग करताना सोबत कोण होतं?"

"मामा. त्यांनीच नळी काढून दिली. बाकी कुनी न्हवतं."

वर्गातल्या चाळीस जणांचं उत्तर एकसारखं, आणि प्रयोग करताना सोबत कुणीच नाही. साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की आम्ही ओळखतो, कुणीतरी पढवलेलं आहे. एकच अपघात पाहिलेली दोन माणसंसुद्धा ट्रकचा रंग वेगळा सांगतात. मला पहिल्यांदा चोरापेक्षा चोरीला गेलेल्या मालाबद्दल जास्त कुतूहल वाटायला लागलं.

बुधवारी हवालदाराने खबर आणली. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याने त्याला हळूच सांगितलं होतं, की मामाने शनिवारी संध्याकाळी सायकलवरून ज्वारीचं म्हणून एक पोतं आणून ठेवलंय. दळायचं नाही, नुसतं ठेव म्हणाला.

"मग तुला शंका का आली?" हवालदाराने विचारलं, तर गिरणीवाला म्हणाला, "जवारीच्या पोत्याला कोपरं नसत्यात, साहेब."

पोतं उघडण्याआधी मी मामाला ठाण्यात बोलावलं. आरडाओरडा केला नाही. चहा मागवला. वय झालेल्या, पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढलेल्या माणसाला धाक दाखवला तर तो गोठतो, मग चार तास गेले तरी काही हाती लागत नाही. मी त्याला लॅबबद्दल विचारत राहिलो. कोणतं यंत्र कधी घेतलं, कोण वापरतं. तो हळूहळू मोकळा झाला.

"वापरतंय कोन, साहेब? बावीस वर्सं झाली मला. दर जूनमदी समदं पुसतो, तेल घालतो, परत ठिवतो. दिवाळीनंतर पोरं एका बाकावर बसत्यात आन एकमेकांचं बघून लिवत्यात. नळीत पानी भरल्यालं मी लई वर्सांत बघितलं न्हवतं. ह्या पोरीनं विचारलं, मामा, ही नळी कशाची? मग भरून दिली. लई येळ बसली व्हती ती. आवाज घुमला तवा हसली. आन सरांनी तिचीच वही परत केली."

"म्हणून पोतं गिरणीत ठेवलंत?"

त्याने कप खाली ठेवला. "व्हय. फाडलं न्हाय काय, जाळलं न्हाय. बघून लिवायलाच काय उरलं न्हाय, तर करून बघावं लागंल, एवढंच मनात आलं. परीक्षा झाली की परत ठिवनार व्हतो."

"मुलांना बसूच दिलं नसतं तर?"

हा विचार त्याने केला नव्हता. पोतं आत्ताच आणतो म्हणत तो उठायला लागला.

दोन पंचांसमोर पोतं उघडलं. हवालदार मोजत गेला आणि म्हणाला, "एक्केचाळीस, साहेब." तक्रार चाळीसची. एक जास्त ते त्या मुलीचं असणार, असं तो म्हणाला. पण तिचं जर्नल मी कालच तिच्या घरी पाहिलं होतं.

एक्केचाळीसावं जर्नल जुनं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, तपकिरी पुठ्ठ्याचं. मी त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रयोग काढला. खोलीचं तापमान चोवीस अंश, वेग तीनशे पंचेचाळीस. मग नवं एक उघडलं. चोवीस. दुसरं उघडलं. चोवीस. चाळीसच्या चाळीस चोवीस. तारखा मात्र मागच्या, ऑक्टोबरच्या, दुपारच्या तासाच्या. ऑक्टोबरात, पत्र्याखाली, सोलापुरात, दुपारी चोवीस अंश! हवालदारसुद्धा हसला.

जुन्या जर्नलवर नाव होतं फिजिक्सच्या सरांचं.

संध्याकाळी प्राचार्य आणि सर ठाण्यात आले. मी तपकिरी जर्नल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे चोरीच्या यादीत का नव्हतं?"

प्राचार्यांना काही समजलं नाही. सरांना समजलं. त्यांनी ते जर्नल जवळ ओढलं.

"मी बारावीला असतानाचं आहे," ते म्हणाले. "घाटाकडच्या कॉलेजात होतो, डिसेंबरची सकाळ होती. हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे, साहेब. ते चोवीस खरे आहेत." मग आवाज खाली गेला. "इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं करून घेत होतो. नंतर अकरावी-बारावीचे सगळे तास, वर निवडणुकीची कामं. मुलांना म्हटलं, यात बघा आणि लिहा. मार्क तर सगळीकडे मिळतातच."

ते खोटं बोलत नव्हते. ठाण्यात बसून मी अशी कबुली फार वेळा ऐकलेली नाही.

प्राचार्यांना जर्नलं लगेच हवी होती. मी म्हणालो, चौकशीकामी ताब्यात घेतलेला मुद्देमाल आहे, चौकशी पूर्ण झाल्याशिवाय देता येणार नाही. काटेकोर बघितलं तर अर्जाच्या चौकशीत मला ती त्याच संध्याकाळी देता आली असती. हे मी आज लिहितो, कारण आता मला कुणी मेमो देणार नाही.

"मग मुलांनी करायचं काय?" प्राचार्यांचा आवाज चढला.

उत्तर सरांनी दिलं. "चार दिवस आहेत. नवीन जर्नलं लिहू. करून."

गुरुवारपासून रविवारपर्यंत ती लॅब सकाळी सातला उघडायची आणि अंधार पडायच्या आत बंद व्हायची. शुक्रवारी मी जाऊन आलो. दारातूनच नादकाट्यांचा गुंजारव ऐकू येत होता. मामा बादल्या भरत होता. सर घामाने भिजलेले, शर्टाच्या बाह्या वर. ती मुलगी चार जणांच्या एका गटाला नळी कशी धरायची ते दाखवत होती. तिने मला बोलावलं. "सर, कान लावा की."

मी कान लावला. पाणी खाली जात होतं आणि बारीक गुणगुण येत होती. मग एका ठिकाणी आवाज एकाएकी भरून आला, जणू नळीच बोलायला लागली. पाणी आणखी खाली गेलं आणि तो विरला. पंचावन्नाव्या वर्षी मी ते तिला चार वेळा करायला लावलं. थर्मामीटर मीच वाचला. एकतीस होतं.

सोमवारी परीक्षा झाली. परीक्षकाने आणि सरांनी या वेळी ज्याला जेवढं करता आलं, तेवढेच मार्क दिले. प्राचार्यांनी अर्ज मागे घेतला. मामाला समज देऊन सोडलं, डायरीत तशी नोंद केली. तो पुढच्या वर्षी निवृत्त झाला.

निकाल लागला तेव्हा मी चौकशी केली. मुलीला प्रॅक्टिकलला सत्तावीस आणि लेखीत पन्नास पडले होते. सोलापुरात बीएस्सीला गेली. पण सगळं असं गोड झालं नाही. एका मुलाला लेखीत अठरा मिळाले होते. दरवर्षीसारखे अठ्ठावीस मिळते तर शेहेचाळीस होऊन तो पास झाला असता. मिळाले अकरा. एकोणतीस होऊन तो फिजिक्समध्ये राहिला. त्याचे वडील ठाण्यात आले. भांडले नाहीत. "आमच्याच पोराच्या येळेला खरेपना कसा आला, साहेब?" एवढंच म्हणाले. जुलैत तो परत बसला आणि सुटला, हे कळल्यावर माझ्या जिवात जीव आला. तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. सत्तर मार्क अनोळखी माणूस देतो. त्याच्यासमोर नुसता बैठक क्रमांक असतो, त्यामुळे त्याला खरं वागणं सोपं जातं. बाकीचे तीस ज्यांच्या हातून जातात, ते आपल्याला रोज बघत असतात. त्यांना आपल्याबद्दल सगळ्यात जास्त माहीत असतं, आणि नेमके तेच डोळे मिटून सगळ्यांना सारखं देऊन टाकतात. त्यात दया असते, आळस असतो, आणि उद्या परत तोंड दाखवायचं असतं.

हे मी सरांबद्दल बोलत नाही. मार्चअखेर ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहायला बसलो, तेव्हा मागच्या वर्षांच्या प्रती समोर काढल्या. प्रत्येकाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात एकच ओळ होती, 'कर्तव्यदक्ष, वर्तणूक उत्तम.' जो रात्रगस्तीला झोपायचा त्यालाही, आणि पुरात माणसं काढणाऱ्यालाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा एकेका माणसाचं काम आठवून एकेक अहवाल लिहिला. तीन संध्याकाळी लागल्या. माझ्या बीट हवालदाराला लिहिलं, 'माणसांशी उत्तम, खबरी चांगले, पंचनामा दुसऱ्याकडून लिहून घेतो.' शेरा त्याला कळवला तेव्हा तो दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. अकराव्या दिवशी एका मोटारसायकल चोरीचा पंचनामा माझ्यासमोर ठेवला. अक्षर वाकडंतिकडं होतं, दोन ठिकाणी खाडाखोड होती. पण लिहिला त्यानेच होता.