आप्पांच्या इंजिनाची शिट्टी

आमच्या घरात ‘चालतंय’ हा शब्द शिवीसारखा होता. शर्टाला दुसऱ्याच रंगाचं बटण लावून आई ‘चालतंय की’ म्हणाली, तर आप्पा तो शर्ट काढून ठेवायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका कंपनीत ते आधी फोर्जिंगला होते, तापलेल्या लोखंडावर दिवसभर घण आदळणाऱ्या यंत्रांपाशी. कान दगा द्यायला लागले तेव्हा त्यांना इन्स्पेक्शनला टाकलं. तिथे नापास मालावर लाल रंगाचा ठिपका देतात. तो ठिपका आप्पांनी घरीही आणला. टवका उडालेला कप, डुगडुगणारा पाट, मी वाकडी शिवलेली पिशवी. ठिपका पडला की ती वस्तू एकतर दुरुस्त व्हायची, नाहीतर घराबाहेर जायची. पुढे मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या नोकरीला लागले, तेव्हा नातेवाईक ‘खाण तशी माती’ म्हणाले. मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आप्पा मूळ निघोज्याच्या शेतकरी घरातले. कंपनीत अप्रेंटिस होते तेव्हा शिकाऊ मुलांच्या प्रदर्शनासाठी त्यांनी भंगारातल्या तांब्या-पितळेतून वाफेचं छोटं इंजिन केलं होतं. सागवानी फळीवर वीतभर उंच बॉयलर, शेजारी अंगठ्याएवढा सिलिंडर, पुरीएवढं चाक आणि बॉयलरच्या डोक्यावर करंगळीएवढी शिट्टी. माझ्या लहानपणी दिवाळीत ते अंगणात स्पिरिटच्या दिव्यावर चालायचं. शेवटी आप्पा शिट्टी वाजवायचे. ती इतकी बारीक आणि टोकदार होती की आई दोन्ही कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि ‘पुरे झालं, शेजारी काय म्हणतील’ म्हणून ओरडायची. मग आप्पा मुद्दाम आणखी एकदा वाजवायचे आणि हसायचे. एरवी त्यांना इतकं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

पुढे बॉयलर गळायला लागला. गळकं इंजिन चालवणं आप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि दुरुस्त करायला वेळ नव्हता. ते माळ्यावर गेलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरातल्या पाना-पकडींबरोबर त्याची पूजा व्हायची, तेवढंच.

आई गेल्यावर आप्पा पिंपळे सौदागरला माझ्याकडे राहायला आले. येताना दोन पिशव्या कपडे आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं इंजिन आणलं. मी बरेच दिवस ते सोडूनही बघितलं नाही. मग एकदा कान तपासायला त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, घणाच्या आवाजात गेलेले कान असेच जातात, बारीक आवाज आधी जातात. पाखरं, दारावरची बेल, असं. मशीन लावून बोलणं समजायला मदत होईल, पण जो आवाज गेला तो गेला. परत येताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी अडकली होती तेव्हा आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “इंजिनाची शिट्टी बारीकच हाय.”

एवढंच म्हणाले. मागणं त्यांना कधी जमलंच नाही. पण मला कळायचं ते कळलं. ती शिट्टी त्यांना एकदा ऐकायची होती, कान पुरते जायच्या आत.

मी त्याच आठवड्यात इंजिन खोललं. चाक हलत नव्हतं. सिलिंडर उघडला तर आत तांबडा-पिवळा, डांबरासारखा चिकट लगदा. हळद, कुंकू आणि खोबरेल. दर खंडेनवमीला आप्पा इंजिनाला हळद-कुंकू लावून वर ‘त्याचाही सण हाय’ म्हणत तेलाच्या भोकात खोबरेलाचा थेंब सोडायचे. इतक्या वर्षांची भक्ती आत जाऊन बसली होती.

“आप्पा, इन्स्पेक्शनच्या नजरेतून हे कसं सुटलं हो?” मी विचारलं.

“देवाचं हाय ते,” आप्पा म्हणाले. “देवाला कुटं ठिपका देत्यात व्हय?”

तो लगदा रॉकेलमध्ये भिजवून, खरवडून काढण्यात कितीतरी रविवार गेले. मला वाटलं, आता सोपं आहे. नमनालाच घडाभर तेल गेलंय हे मला माहीत नव्हतं. बॉयलरमध्ये आधी थंड पाणी दाबून बघायचं, आग त्यानंतर, असा आप्पांचा दंडक. पाणी दाबलं तर बुडाच्या सांध्यातून घळाघळा बाहेर आलं. भोसरीत एक झाळकाम करणारे होते, त्यांच्याकडे दिलं. ते रोज ‘ताई, उद्या या’ म्हणायचे. कंपनीची बस सोडून मी चाकणहून भोसरीला आणि भोसरीहून घरी, असे हेलपाटे घालत राहिले. शेवटी बॉयलर मिळाला तेव्हा जास्त तापवल्यामुळे त्याच्या पोटातली नळी वाकली होती. मी तिथेच भांडले. ते म्हणाले, “खेळणंच आहे ना ताई, चालतंय.” हा शब्द मी घरी सांगितला नाही. एसीवाल्याकडून तांब्याची नळी आणून दुसऱ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं.

या सगळ्यात आप्पा रोज संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसायचे. मी आले की चपला काढायच्या आत विचारायचे, “काय म्हंती शिट्टी?” आमचे हे म्हणायचे, “तुम्ही बापलेक मिळून एक दिवस मलाच ठिपका द्याल.”

घरात आप्पांकडे एक काम होतं. स्वयंपाकघराशेजारी पेपर वाचत बसायचं आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा. या कामात त्यांची कधी चूक झाली नाही. मी मनात म्हणायचे, कुकर ऐकू येतोय तोवर वेळ आहे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी इंजिन सोसायटीच्या गच्चीवर नेलं. विस्तवाला परवानगी नव्हती, पण त्या वेळी वर कुणी नसतं. आप्पा खालीच थांबले. ‘नीट झालं का हाक मार’ म्हणाले. दिवा पेटवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बॉयलर कुरकुरला, मी चाकाला बोटाने ढकललं आणि ते फिरलं. अडखळत, मग सरळ, मग असं की आऱ्या दिसेनात. मी जिन्यात धावत जाऊन ओरडले, “आप्पा, चालतंय! चालतंय!”

मला म्हणायचं होतं, इंजिन फिरतंय. आप्पांना काय ऐकू आलं कोण जाणे. ते कठड्याला धरत वर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. इंजिनापुढे उकिडवे बसले. फिरणाऱ्या चाकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. सिलिंडरमधून दांडी बाहेर येते तिथे पाण्याचा एक थेंब धरत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, “चालतंय म्हंजी काय? गळतंय की हितं.”

“आप्पा, तेवढं असू दे. शिट्टी तर ऐका.” माझा हात शिट्टीच्या दांडीवर होता. नुसतं खाली दाबायचं होतं.

“न्हाई. बंद कर. आदी नीट कर, मंग वाजीव.”

“पण आप्पा—”

“बंद कर म्हन्तो ना.”

मी फुंकर मारून दिवा विझवला. वाफ होती, शिट्टी होती, ऐकणारा समोर बसलेला होता, आणि मी दांडीवरचा हात काढला. पन्नाशीची बाई मी. कंपनीत माझ्या ‘नाही’वर गाडीभर माल परत जातो. आप्पांनी दम दिला की मात्र मी अजून वाकडी पिशवी धरून उभी राहिलेली पोर होते. शिवाय खरं सांगायचं तर मलाही तो थेंब खुपत होता. खाण तशी माती.

ते असं का वागले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. हट्टी आहेत, असं मी तेव्हा चिडून म्हटलं होतं. आता वाटतं, ही शिट्टी आपण शेवटची ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि शेवटची म्हणून ती निर्दोष हवी होती. पण हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

थेंबाचं कारण सिलिंडरच्या दांडीवरचा ओरखडा होता. दांडी नवी करायची तर नेमक्या मापाची हवी. एकदा जाड झाली, एकदा बारीक. मग चाकणला ऑडिट आलं, मग ओव्हरटाइमचा हंगाम, मग गच्चीवर कुणीतरी विस्तव पाहिल्याची सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार. उन्हाळा गेला, पावसाळा लागला. माझं मन शांत होतं, कारण खाली कुकर रोज वेळेवर बंद होत होता.

एका संध्याकाळी घरात शिरले तर करपल्याचा वास. डाळ जळून कोळसा. आप्पा शेजारीच पेपर धरून बसलेले. “शिट्टीच झाली न्हाई,” म्हणाले. मी कुकरची शिट्टी बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी कुकरच नवा आणला. आता हसू येतं, पण आमच्या घरात बिघाड झाला की आधी वस्तूच तपासायची. नव्या कुकरात भात लावून मी आप्पांच्या मागे उभी राहिले. शिट्टी झाली. पलीकडच्या खोलीतून आमच्या ह्यांनी ‘बंद करू का’ विचारलं. आप्पांनी पेपरचं पान उलटलं.

दुसरी झाली. तिसरी झाली. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. मग पदराने तोंड पुसून आप्पांना म्हटलं, भात झाला. ते म्हणाले, “आज तरी शिट्टी झाली का?”

त्यानंतर सगळं काम भराभर झालं, वरातीमागून घोडं यावं तसं. सिलिंडरची दांडी मापात बसली. सोसायटीची परवानगीसुद्धा एका विनंतीत मिळाली. खंडेनवमीला सकाळी आम्ही इंजिन गच्चीवर नेलं. या वेळी आप्पांनी हळद-कुंकू फक्त फळीच्या कोपऱ्याला लावलं आणि खोबरेलाची वाटी लांब ठेवली. वाफ झाली, चाक फिरायला लागलं. आप्पांनी पेपरचा तुकडा फाडून एकेका सांध्याला टेकवला आणि उन्हात धरून पाहिला. कुठेच ओलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“आता वाजीव,” ते म्हणाले.

मी दांडी दाबली. तीच शिट्टी, अगदी तीच. शेजारच्या इमारतीवरची कबुतरं उडाली, खाली कुत्री भुंकायला लागली, एका गॅलरीतून कुणीतरी डोकावलं. आप्पा शिट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेकडे टक लावून बघत होते. वाफ विरली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वाजली का?”

मी मान डोलावली.

“कशी वाजली?”

मोठ्याने सांगून तरी काय सांगणार? मी दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोळे मिटून तोंड वेडंवाकडं केलं, आई करायची तसं. डोळे उघडले तर आप्पा हसत होते, खांदे हलेपर्यंत.

“मंग वाजली,” म्हणाले. “पास.”

त्यांच्या बाजूने ते तिथे संपलं. इंजिन आता दिवाणखान्यात असतं आणि आल्यागेल्याला ते सांगतात, पोरीनं केलं, कुटं थेंब गळत न्हाई. आजन्म मी आप्पांचं ऐकत आले, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फक्त त्या रविवारी, हात शिट्टीच्या दांडीवर असताना, मी त्यांचं ऐकायला नको होतं.