मुठीतलं पान

"मूठ उघडायची न्हाय, लेकी. बारामती येस्तवर."

एवढं बोलून निमगाव केतकीच्या स्टँडजवळचे पानवाले चाचा पान मांडीवर पुसायचे, देठ खुडायचे आणि गाडीच्या खिडकीतून माझ्या बायकोच्या तळहातावर ठेवायचे. वर एक हलकी फुंकर. तुम्ही म्हणाल, पानानं कुठं मळमळ थांबते? मीही तेच म्हणायचो.

तिचं माहेर कऱ्हाटी. इंदापूरहून निघताना मी लिंबू, उलटीची गोळी, पिशव्या असं सगळं घ्यायचो आणि गाडी सुरू करायच्या आधीच विचारायचो, "बरं वाटतंय ना?" निमगाव यायच्या आत पिशवी लागायचीच. चाचांचं पान मिळालं, की तीच बाई पुढं गाणं गुणगुणत जायची. लग्नाला वीस वर्षं झालेली, आणि तिला माझ्या शेजारी बसून बरं वाटायला रस्त्यावरचा म्हातारा लागत होता. मी जळायचो. खोटं कशाला सांगू?

एकदा त्यांच्याच टोपलीतलं पान आदल्या दिवशी आणून ठेवलं आणि निघताना मीच तिच्या हातात दिलं. शब्दही तेच. कारखान्याच्या मळीचा वास आला आणि गाडी थांबवावी लागली. तोंड धुताना ती म्हणाली, "देताना तुमचाच हात कापत होता."

पुढं चाचांना बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांच्या मुलानं माझ्याकडे गाडी मागितली. तेव्हा कळलं, चाचांनाच गाडी लागते. गावाची वेस ओलांडली नाही तोच ओकले. हातात स्वतःचंच पान होतं. मला आतून बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मागं त्यांच्याशेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं ते पान काढून घेतलं. पदरानं पुसलं, फुंकर घातली, परत त्यांच्या मुठीत ठेवलं.

"मूठ उघडायची न्हाय, चाचा."

"व्हय, लेकी," म्हणाले आणि लहान मुलासारखे डोळे मिटून बसले. बारामतीपर्यंत मूठ सुटली नाही. आरशात मी दोघांकडे बघत होतो. आता कुणावर जळावं तेही कळेना.

चाचा त्या दवाखान्यातून परत आले नाहीत.

टपरीचं फळकूट अजून बंद आहे. तिथून जाताना बायको रिकामा हात खिडकीबाहेर धरते, मूठ मिटते आणि बारामतीपर्यंत छान येते. परवा स्टिअरिंगवरचा एक हात काढून मीही मूठ मिटून पाहिली. उघडायची न्हाय, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आत नुसता घाम होता.