शिसवी मूठ

रानडुक्कर अंगावर आलं आणि यांच्या हातातून रिव्हॉल्व्हर सटकलं. आदल्याच दिवशी खंडेनवमीच्या पूजेसाठी त्याच्या शिसवी मुठीला मी तेल चोळलं होतं. घेताना दुकानदार म्हणाला होता, "काका, रबरी मूठ बसवा, घामातही हात धरून राहते." हे म्हणाले, "रबराच्या चपला असतात रे. चपलेला कोण हळदकुंकू वाहतं?" मीही हसले होते.

आता खुरप्याची मूठ धरली तरी तेच मनात येतं. वापरून गुळगुळीत झालेल्या लाकडाला आपण माया चिकटवतो. लाकडाला माणूस कळत नाही. तेल लावलं की ते निसटतं, एवढंच.

डुकरानं यांचं पोट फाडलं. दवाखान्याच्या वाटेवरच हे गेले. मी बांधावर उभी होते. मी जगले.