सत्तारभाईंचा ब्रेकर

सत्तारभाई ट्रक अडवायचे ते ट्रककडे पाठ करून. खांद्यावर गादीच्या खोळीतून उरलेलं लाल कापड टाकायचं, रस्त्याच्या मधोमध जायचं आणि तोंड शाळेच्या पोरांकडे करून उभं राहायचं. मागून खदानीचा कोळसा भरलेला ट्रक हॉर्न कोकलत येतोय आणि हे पोरांना सांगताहेत, "आरामात या बेटा, पळू नका, चप्पल सांभाळा." नव्वदच्या सुमारास माझी बदली वरोऱ्यापुढच्या या गावात झाली. शाळेच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा पोरं पलीकडे पोचली होती, ट्रक जागच्या जागी धडधडत होता आणि ड्रायव्हर खिडकीतून तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत होता.

हा माणूस धाडसी आहे की याला काही कळतच नाही, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. पुढे कित्येक वर्षं शेजार लाभला, तरी ठरवता आलं नाही. एखाद्याबद्दल लिहायला बसणाऱ्याने त्याला निदान ओळखलेलं असावं, अशी वाचकांची अपेक्षा असते. माझी पंचाईत तिथेच आहे.

ओळख झाल्यावर मी त्यांना म्हणालो, "सत्तारभाई, निदान ट्रककडे बघून तरी उभे राहा."

"काऊन? त्याच्याकडे पाह्यलं का त्याले जिद चढते. म्हनते, तू मोठा का मी मोठा. पाठ दिसली का त्याले फकत मानूस दिसते. पाठीवर कोनी गाडी नाई घालत, मास्तर."

"आणि घातली तर?"

"मंग तोंड कुठी होतं यानं काय फरक पडते?"

मी शाळेत गेलो आणि पोरांना पाढे म्हणायला लावले.

ते धंद्याने पिंजारी. रस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं, वर 'गादी कारखाना' अशी पाटी. कारखाना म्हणजे रुई पिंजायचं एक मशीन, एक फाटकी सतरंजी आणि तिच्यावर सुई घेऊन बसलेल्या रशीदाबाई, त्यांच्या घरच्या. दिवसभर रुई उडायची आणि सत्तारभाईंच्या भुवयांवर, दाढीवर बसायची, त्यामुळे चाळिशीतच ते म्हातारे दिसायचे. खोकला तर बारमाही. मूलबाळ नव्हतं. रशीदाबाई माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या होत्या, "लेकरू असतं तं मी ह्याहिले ट्रकम्होरं उभं राहू देलं असतं काय?" त्या हसत म्हणाल्या, पण बायकोला ते हसू काही आवडलं नाही.

आमच्या वस्तीची एक मोहल्ला समिती होती. सचिव मी. माझं अक्षर बरं होतं आणि नागपूरच्या एका दैनिकाला मी गावच्या बातम्या पाठवायचो, एवढ्याच गुणांवर. समाजमंदिरात बैठक भरायची, नाल्या, हातपंप, दिवाबत्ती यांवर प्रत्येक जण यथाशक्ती बोलायचा आणि शेवटी मागच्या भिंतीला टेकलेले सत्तारभाई हात वर करायचे. "मले तं समजून नाई राह्यलं," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. सरपंच वानखेडेभाऊ तिथेच कपाळाला हात लावायचे. खांबावरचा दिवा बदलायच्या विषयावर तासभर चर्चा झाली, तेव्हा सत्तारभाई म्हणाले, "बल्ब लावायले मीटिंग काऊन पाह्यजे? मले वाटलं शिडी पाह्यजे." लोक हसले, वानखेडेभाऊ रुसले, आणि दुसऱ्या दिवशी सत्तारभाईच शिडी घेऊन आले. शिडी आखूड निघाली, ही गोष्ट वेगळी.

त्यांचा खरा ध्यास ब्रेकरचा. आपण एखाद्या दिवशी तापाने पडलो तर पोरांना रस्ता कोण ओलांडून देणार, ही त्यांची चिंता होती आणि ती रास्तच होती. आम्ही अर्ज केले. मोठ्या रस्त्यावर ब्रेकर बसत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग एका उन्हाळ्यात रस्त्याचं काम झालं आणि कंत्राटदाराची थोडी गिट्टी आणि डांबर उरलं. "न्यायचं तर न्या," तो म्हणाला. रविवारी सगळी वस्ती घमेली घेऊन रस्त्यावर उतरली. वानखेडेभाऊंनी पांढऱ्या धोतरावर डांबर पाडून घेतलं. असं श्रमदान मी परत पाहिलं नाही.

उंचीवरून तेवढा वाद झाला. ब्रेकर चार बोटं उंच असावा, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि तसं म्हणालो. सत्तारभाईंनी मान हलवली. "तुमचा ब्रेकर सायकलीसाठी हाये, मास्तर. कोयल्याचा ट्रक त्याले सलाम करून निंगून जाईन." त्यांनी स्वतःच्या नडगीवर बोट ठेवून उंची दाखवली, गुडघ्याच्या जरा खाली. ट्रकपुढे रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला उंचीबद्दल कोण शिकवणार? लोकांनी तेवढा केला. 'श्रमदानातून गतिरोधक, नागरिकांत समाधान' ही माझी बातमी छापूनही आली.

पहिला ट्रक आला तेव्हा आम्ही सगळे दोन्ही बाजूंना लग्नाची वरात पाहायला उभे राहावं तसे उभे होतो. ट्रक हळू झाला, पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली आणि धाडकन आदळली. शिगोशीग भरलेला माल उडाला आणि कोळशाची चार-दोन ढेकळं रस्त्यावर पडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सत्तारभाईंनी एक ढेकूळ उचललं आणि शेजारी उभ्या पुष्पाबाईच्या हातात दिलं. "घे बाई, चहा ठेव."

पुष्पाबाई शाळेमागे राहायची. नवरा नव्हता. शेतावर मजुरीला जायची आणि मजुरी नसेल त्या दिवशी जंगलातून सरपणाची मोळी आणायची. जंगलात वनखात्याचा नाकेदार कुऱ्हाड हिसकावून घ्यायचा, वाघ-अस्वलाची भीती ती निराळी. तिची मंदा माझ्या वर्गात तिसरीला होती. पुष्पाबाईने त्या ढेकळावर खरंच चहा केला आणि तिच्या लक्षात आलं की रस्त्यावर दिवसभर ट्रक जातात.

महिन्याभरात वस्तीतली एकही बाई जंगलात जाईना. दारोदारी कोळशाच्या सिगड्या पेटल्या. बाया सत्तारभाईंना दुवा देऊ लागल्या आणि ते लाजून दाढीतली रुई काढत बसायचे. पण ढेकळं उचलायला मोठ्यांपेक्षा पोरं चपळ. ट्रकचा आवाज आला की माझ्या वर्गातली अर्धी पोरं लघवीला जायची परवानगी मागायची. जी पोरं दिवसातून दोनदा सत्तारभाईंच्या देखरेखीखाली रस्ता ओलांडायची, ती आता सकाळपासून अंधार पडेपर्यंत रस्त्यावरच. ट्रक ब्रेकरवर चढला की त्याच्या चाकांच्या मागे, बाजूला, कुठेही.

मंदा एका ट्रकखाली शिरली ते मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं. मागच्या चाकांच्या मधे एक मोठं ढेकूळ अडकलं होतं. ती वाकून ते ओढत होती आणि चढावर थांबलेला ट्रक मागे सरकू लागला. सत्तारभाईंनी तिला फ्रॉकला धरून ओढलं, दोघंही नालीत पडले. मंदा जोरात रडत होती. मी धावत गेलो, कुठे लागलं का पाहू लागलो, तर ती म्हणाली, "माहा कोयसा पडला."

सत्तारभाई बराच वेळ नालीतच बसून राहिले.

त्या आठवड्याच्या बैठकीत त्यांनी हात वर केला आणि नेहमीची सुरुवात न करता सरळ म्हणाले, "ब्रेकर काढून टाका."

समाजमंदिरात असा गोंगाट मी कधी ऐकला नव्हता. मागे बसणाऱ्या बाया पुढे आल्या. पुष्पाबाई तर उभीच राहिली. "सत्तारभाऊ, तुमीच बसवला आन तुमीच काढता? मंग चूल कायनं पेटवू, सांगा."

"तुही पोरगी चाकाखाली होती, बाई."

"मालूम हाये मले. अन् मी जंगलात असतो तवा तिच्याजवळ कोन असते, तेबी मालूम हाये."

सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सचिव. मला दोघांचंही पटत होतं, आणि इतिवृत्तात 'दोघांचंही पटलं' असं लिहिता येत नाही. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते लोखंडी सब्बल घेऊन एकटेच ब्रेकर फोडायला गेले. स्वतःच्या हट्टाने इतका मजबूत करून घेतलेला, तो काही फुटेना. दोन-चार टवके उडाले तोवर पुष्पाबाई येऊन ब्रेकरवर बसली. मांडी घालून, पदर खोचून. सत्तारभाईंनी तिला उठायला सांगितलं, मग विनवलं, मग सब्बल टाकून तेही तिच्या शेजारी बसले. दोन्हीकडे ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर खाली उतरून खर्रा घोटू लागले. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते हॉर्नमुळे मला नीट ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की बोलत पुष्पाबाई होती आणि सत्तारभाई मान खाली घालून ऐकत होते.

उठले ते एक नवीनच तोडगा घेऊन. पोरांनी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. ट्रक ब्रेकर उतरला की सत्तारभाई त्याच्यापुढे उभे राहणार, तो पूर्ण थांबणार, मग मोठ्या बाया येऊन कोळसा उचलणार, त्या बाजूला झाल्या की ट्रक जाणार. म्हणजे जो माणूस ब्रेकर काढायला गेला होता, तोच आता ब्रेकरवर दिवसभर कोळसा गोळा करवून घेऊ लागला. गादी कारखाना रशीदाबाईंवर सोपवला. ड्रायव्हर ओळखीचे झाले होते, काही तर वरून पायाने दोन ढेकळं ढकलून द्यायचे. पोरं मात्र वर्गात बसू लागली. लघवीचं प्रमाण एकदम घटलं.

पोलीस आले तेव्हा मी हजर होतो. जमादाराने विचारलं, "हे काय चाललंय? समाजसेवा का चोरी?" सत्तारभाईंनी हात जोडले. "साहेब, तुमाले समजलं तं मलेबी सांगा." जमादाराने त्यांच्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, लाल कापडाकडे पाहिलं आणि चहा पिऊन निघून गेला. बहुधा त्यालाही समजलं नसावं. त्याची बातमी मी पाठवली नाही. मथळा काय द्यायचा?

असं काही वर्षं चाललं. मग दोन हजार सालानंतर कधीतरी गावाबाहेरून बायपास झाला आणि ट्रक तिकडून जाऊ लागले. आमच्या रस्त्यावर सायकली, बैलबंड्या आणि एखादी एसटी उरली. पोरं चेंडू खेळू लागली. सत्तारभाईंना जे हवं होतं ते पूर्ण, अगदी मनासारखं मिळालं. मी दुकानात जाऊन त्यांचं अभिनंदन केलं. ते खूश होते. रुईच्या ढिगात बसून त्यांनी मला चहा पाजला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोप काढली असं सांगितलं.

कोळसा बंद झाला तशा बाया पुन्हा जंगलात जाऊ लागल्या. मोहाच्या दिवसांत, फुलं वेचायला अस्वलं खाली येतात तेव्हा, पुष्पाबाईला अस्वलाने धरलं. बरोबरीच्या बाया आरडल्या म्हणून वाचली. खांद्याचं मांस गेलं, उजवा हात पुढे कधी नीट वर झाला नाही. सत्तारभाई तिला दवाखान्यात पाहून आले आणि थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, आपन रस्ता चांगला केला ना?"

"केला."

"मंग ह्या बाईले कोनी मारलं?"

अस्वलाने, असं मी म्हणालो. ते त्यांना पटलं नाही. मलाही म्हणताना फारसं पटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांचा रागही आला होता. जगातल्या सगळ्या गोष्टींचं उत्तर यांनाच का द्यायचं असतं?

त्यानंतर ते बायांबरोबर जंगलात जाऊ लागले. साठीकडे झुकलेला, पावलागणिक खोकणारा पिंजारी, हातात तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी. बायांच्या पुढे चालायचं आणि डबा वाजवायचा, बस. मी विचारलं, "अस्वल आलंच तर तुम्ही काय करणार?" म्हणाले, "काई नाई. त्याले आंधीच समजन का मानसं येऊन राह्यले. तेबी बिचारं भेतेच." नाकेदाराने त्यांनाही एकदा अडवलं, डबा हिसकावला. दुसऱ्या दिवशी दुसरा डबा.

खोकल्यानेच गेले ते, एका थंडीत. कब्रस्तानात सगळी वस्ती होती. घरी येऊन मी दैनिकाला बातमी लिहायला बसलो आणि अडलो. या माणसाने केलं काय, हे चार ओळींत सांगायचं होतं. ब्रेकर आणला लिहावं, तर तो फोडायलाही हेच गेले होते. पोरं वाचवली लिहावं, तर पोरं ट्रकखाली शिरू लागली तीही यांच्याच ब्रेकरपायी. कोळशाचं लिहायची सोय नव्हती. शेवटी 'रस्ता सुरक्षेसाठी झटणारे सामाजिक कार्यकर्ते सत्तारभाई यांचे निधन' असं लिहून मी मोकळा झालो.

बातमी आली त्या दिवशी पुष्पाबाई पेपर घेऊन आली. मंदाने तिला वाचून दाखवली होती. डाव्या हाताने तिने तो माझ्यापुढे धरला.

"मास्तर, जंगलातलं काऊन नाई लिवलं?"

मी म्हणालो, "बाई, ते कोणत्या कामात धरायचं तेच मला कळेना. कोळसा बंद झाला त्याची भरपाई म्हणून ते जात होते, की ब्रेकरचं मनाला लागलं होतं म्हणून? नक्की कशासाठी जात होते ते?"

मी विचारलं त्यात एवढं अवघड काय आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

"कायसाठी म्हंजे? आमी एकल्या जाऊन राह्यलो होतो, तं ते आले."